सोडून दिलेली ॲप्स : आपत्तीच्या काळातील विद्यार्थी-प्रकल्पांचा इतिहास

९ ऑगस्ट २०१८ रोजी केरळमधील इडुक्की जलाशयाच्या चेरुतोणी धरणाचा दरवाजा २६ वर्षांनी प्रथमच उघडण्यात आला. त्या वर्षी १ जून ते १९ ऑगस्ट या काळात राज्यात २३४६.६ मिलिमीटर पाऊस पडला. या काळातील अपेक्षित पाऊस १६४९.५ मिलिमीटर, म्हणजे प्रत्यक्ष पाऊस ४२ टक्के अधिक होता. राज्यातील ५४ धरणांपैकी ३५ धरणांचे दरवाजे उघडावे लागले. १५ ऑगस्टला कोची विमानतळ बंद झाला, तो २९ तारखेपर्यंत उघडला नाही. चारशेहून अधिक माणसे या पुरात मृत्युमुखी पडली.

त्याच आठवड्यात 'केरळ रेस्क्यू' नावाचे एक संकेतस्थळ उभे राहिले. राज्य सरकारचे माहिती-तंत्रज्ञान अभियान आणि आयट्रिपलई या अभियंत्यांच्या संघटनेच्या केरळ विभागातील स्वयंसेवक यांनी ते मिळून तयार केले. स्वयंसेवकांमध्ये अभियांत्रिकीचे विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. पायथन भाषेतील जँगो या सर्वपरिचित चौकटीवर रचलेले हे संकेतस्थळ दिसायला साधे होते. अडकलेल्या माणसाचे नाव, जिल्हा, ठिकाण, दूरध्वनी क्रमांक आणि हवी असलेली मदत एवढेच त्यातील अर्ज विचारत असे. त्याचा कोड गिटहबवर सर्वांसाठी खुला होता. देशातून आणि परदेशातून शेकडो प्रोग्रॅमर स्लॅकवरील चर्चेत सामील झाले आणि दिवसरात्र दुरुस्त्या पाठवू लागले.

ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे आणि ती अभिमानाने सांगण्याजोगीच आहे. मात्र तिचा एक उत्तरार्ध असतो, आणि तो सहसा कोणी सांगत नाही. पाणी ओसरते, महाविद्यालये उघडतात, परीक्षा जवळ येतात. मग त्या संकेतस्थळाचे, त्या ॲपचे काय होते? भारतातील आपत्ती-तंत्रज्ञानाचा गेल्या दोन दशकांचा इतिहास पाहिला, तर उभारणीच्या कथांइतक्याच सोडून देण्याच्या कथाही त्यात आढळतात. त्यांतून शिकण्यासारखेही अधिक आहे.

सुनामीनंतरचे पहिले धडे

या परंपरेचा एक महत्त्वाचा उगम शेजारच्या श्रीलंकेत आहे. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर तेथील माहिती-तंत्रज्ञान क्षेत्रातील स्वयंसेवकांनी काही आठवड्यांतच 'सहाना' ही मुक्त स्रोत आज्ञावली तयार केली. सिंहली भाषेत या शब्दाचा अर्थ दिलासा, मदत असा होतो. हरवलेल्या व्यक्तींची नोंद, मदत करणाऱ्या संस्थांची नोंद, छावण्यांची नोंद आणि मागणी-पुरवठ्याचा मेळ असे तिचे भाग होते. त्याच सुनामीच्या दिवशी मुंबईतील काही ब्लॉगलेखकांनी मदतीची माहिती एकत्र करणारा सामूहिक ब्लॉग सुरू केला होता आणि तो जगभर वाचला गेला. संकटकाळी सामान्य नागरिक आंतरजालावर समन्वय करू शकतात, हे दक्षिण आशियाला तेव्हा प्रथमच ठळकपणे जाणवले.

या दोन प्रयत्नांचे पुढील आयुष्य मात्र वेगवेगळे ठरले. ब्लॉगचे काम त्या आपत्तीपुरते होते, ते संपले. 'सहाना' मात्र २००५ मध्ये पाकिस्तानातील भूकंपानंतर वापरली गेली, २००६ मध्ये फिलिपिन्स आणि इंडोनेशियात पोहोचली आणि २०१० मध्ये हैतीच्या भूकंपातही उपयोगी पडली. ती टिकली, कारण पहिल्या उत्साहानंतर तिच्यामागे एक संस्था उभी राहिली. आधी लंका सॉफ्टवेअर फाउंडेशनने तिची जबाबदारी घेतली आणि पुढे तिच्यासाठी स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झाले. आज्ञावली तीच, पण तिला टिकवणारी गोष्ट कोडमध्ये नव्हती. ती कोडच्या बाहेर, माणसांच्या आणि पैशांच्या व्यवस्थेत होती.

चेन्नईचा नकाशा आणि काळाची अडचण

१ डिसेंबर २०१५ रोजी चेन्नईजवळच्या तांबरममध्ये चोवीस तासांत सुमारे ४९० मिलिमीटर पाऊस कोसळला. अड्यार नदीने काठ सोडले आणि शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या दिवसांत स्वयंसेवकांनी प्रथम सामायिक तक्ते आणि मग त्यांवर आधारलेले संकेतस्थळ चालवले. कोणाकडे राहण्याची जागा आहे, कोणाकडे जेवण आहे, कोणाला होडी हवी आहे, अशा ओळींमागून ओळी त्यात भरल्या जात होत्या. ओपनस्ट्रीटमॅपच्या आधारे पाण्याखालील रस्त्यांचा एक नकाशाही तयार झाला. नागरिकांनी त्यावर अडीच हजारांहून अधिक रस्ते चिन्हांकित केले.

या प्रयोगाने एक मूलभूत प्रश्न समोर आणला. रस्ता बुडाल्याची नोंद करणारे अनेक असतात, पाणी ओसरल्याची नोंद करायला परत येणारे थोडे. मदत मागणारा माणूस तातडीने अर्ज भरतो; मदत मिळाल्यावर तो अर्ज बंद करण्याचे त्याला सुचत नाही आणि ती अपेक्षा करणेही योग्य नाही. परिणामी अशी प्रत्येक यादी एकाच दिशेने वाढत जाते. काही तासांतच तिच्यात जिवंत विनंत्या आणि कालबाह्य विनंत्या यांची सरमिसळ होते. ज्या होडीला दोन घरांपर्यंत पोहोचण्याइतकाच वेळ आहे, ती जर आधीच रिकाम्या झालेल्या घरापाशी गेली, तर दुसऱ्या घराने काय करायचे?

संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही माहिती अद्ययावत ठेवण्याची नेहमीची समस्या वाटेल. पण बँकेच्या खात्यातील नोंद बँक स्वतः बदलते. आपत्तीच्या यादीतील सत्य मात्र यादीच्या बाहेर, पाण्यात बदलत असते. ते यादीत परत आणण्यासाठी माणूस लागतो.

केरळमध्ये ते कसे जमले

२०१८ मध्ये केरळने या प्रश्नाचे उत्तर माणसांच्या बळावर दिले. एकाच कुटुंबासाठी शेजारी, गावातील नातेवाईक आणि आखाती देशांतील मुलगा असे तिघेही अर्ज भरत. त्यामुळे दुहेरी-तिहेरी नोंदी झाल्या. आलेल्या विनंत्यांवर स्वयंसेवक उलट दूरध्वनी करत, माणूस अजून अडकलेला आहे का याची खात्री करून घेत, ठिकाण नेमके करत आणि मग माहिती जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाकडे जाई. विद्यार्थ्यांचे सर्वांत मोलाचे काम बहुधा हेच होते. ते कोड लिहिण्याचे नव्हते, फोन करण्याचे होते.

आणि प्रत्यक्ष सुटका ना संकेतस्थळाने केली, ना विद्यार्थ्यांनी. सैन्यदले, राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, अग्निशमन दल यांच्याबरोबर किनाऱ्यावरचे मच्छीमार आपल्या होड्या ट्रकवर चढवून आतल्या जिल्ह्यांत आले. ६६९ होड्या आणि साडेचार हजारांहून अधिक मच्छीमार यांनी किमान ६५,००० लोकांना बाहेर काढल्याची नोंद आहे. या साखळीत संकेतस्थळ ही एक कडी होती. दोन्ही बाजूंनी जोडलेली असल्यामुळेच ती उपयोगी पडली. एका बाजूला अडकलेली माणसे होती, दुसऱ्या बाजूला विनंतीवर कृती करण्याचा अधिकार आणि साधने असलेली शासनयंत्रणा. राज्याचे अभियान पहिल्यापासून भागीदार असल्यामुळे ही दुसरी बाजू जोडलेली राहिली. म्हणूनच पुढच्या वर्षीच्या, २०१९ च्या पुरात तेच संकेतस्थळ पुन्हा उपयोगात आणता आले.

बहुसंख्य विद्यार्थी-प्रकल्पांना नेमकी हीच दुसरी बाजू कधी लाभली नाही.

छत्तीस तासांत जन्मलेली ॲप्स

१ आणि २ एप्रिल २०१७ रोजी देशभर पहिली 'स्मार्ट इंडिया हॅकेथॉन' भरली. केंद्रीय मंत्रालयांनी आपापल्या अडचणी प्रश्नरूपाने मांडल्या आणि विद्यार्थ्यांच्या चमूंनी सलग ३६ तास त्यांवर काम केले. तेव्हापासून अशा स्पर्धांमध्ये, तसेच अंतिम वर्षाच्या प्रकल्पांमध्ये, 'आपत्कालीन मदतीचे ॲप' हा विषय नित्याचा झाला आहे. रचना बहुधा ठरलेली असते. एक लाल बटण, ते दाबले की ठिकाण पाठवले जाते, जवळच्या स्वयंसेवकांना सूचना जाते आणि नकाशावर ठिपका उमटतो. परीक्षकांसमोर हे सारे सुरळीत चालते.

त्यानंतर बहुतेक प्रकल्प थांबतात. थांबण्याची कारणे आळस किंवा अनास्था एवढ्यावर संपत नाहीत. ती तंत्रज्ञानाच्या आणि समाजाच्या रचनेत आहेत.

पहिले कारण पायाचे. ॲप ज्या जमिनीवर उभे असते, ती जमीनच सरकत राहते. २०१७ मध्ये आलेल्या अँड्रॉइडच्या आठव्या आवृत्तीने पार्श्वभूमीत चालणाऱ्या ॲपला ठिकाणाची माहिती मिळण्यावर मर्यादा घातल्या. २०१८ च्या जून-जुलैमध्ये गूगलच्या नकाशा-सेवेचे दर आणि नियम बदलले आणि ती वापरण्यासाठी प्रत्येक प्रकल्पाला देयकाचे खाते जोडणे आवश्यक झाले. २०१९ च्या आरंभी फोनमधील लघुसंदेश आणि कॉलच्या नोंदी हाताळण्याच्या परवानगीवर निर्बंध आले. संकटसूचना देणाऱ्या ॲप्सना त्यातून सवलत मिळू शकत होती, पण त्यासाठी घोषणापत्र भरणे आवश्यक होते. ज्या प्रकल्पाचा विद्यार्थी पदवी घेऊन नोकरीला लागला होता, त्याचे घोषणापत्र कोण भरणार? २०२३ च्या आरंभी ट्विटरने आपल्या माहितीचा मोफत प्रवेश बंद करण्याची घोषणा केली. त्याच फेब्रुवारीत तुर्कस्तान आणि सीरियात भूकंप झाला, आणि संदेशांतून मदतीच्या हाका शोधणारे स्वयंसेवक ऐन वेळी चिंतेत पडले. न बदललेला कोडही अशा रीतीने जुना होतो, मोडतो.

दुसरे कारण वापराचे. आपत्ती वर्षानुवर्षांतून एकदा येते. शांततेच्या काळात जे ॲप कोणी उघडत नाही, ते संकटाच्या क्षणी कोणाच्या फोनमध्ये नसते. बाजारातील ॲप रोजच्या वापरावर जगते. आपत्तीच्या ॲपला रोजचा वापर नसतोच. शिवाय मदत मागणारे शंभर आणि मदत करणारा एकही नोंदलेला नाही, अशी अवस्था असेल, तर तंत्र कितीही उत्तम असले तरी ते निरुपयोगी आहे.

तिसरे कारण जाळ्याचे. ॲपला इंटरनेट लागते, आणि मोठ्या आपत्तीत प्रथम वीज जाते, मग मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, मग जाळे कोसळते. समुद्रावर तर जाळे मुळातच नसते. नोव्हेंबर २०१७ च्या अखेरीस 'ओखी' चक्रीवादळ आले, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूचे अनेक मच्छीमार खोल समुद्रात होते. किनाऱ्यापासून दहा-बारा किलोमीटरपलीकडे मोबाइलचा संपर्क राहत नाही. त्यांच्यासाठी जगातले कोणतेही ॲप त्या रात्री निकामी होते.

चौथे कारण सर्वांत निर्णायक आहे : अधिकार. रुग्णवाहिका कोठे पाठवायची हे ज्याच्या हातात आहे, त्याच्या पडद्यावर विनंती दिसली पाहिजे. १०८ किंवा ११२ वर दूरध्वनी आला की तो घेणारा कर्मचारी घटना नोंदवतो, दुसरा कर्मचारी वाहन नेमतो, वाहन निघाल्याची, पोहोचल्याची आणि काम संपल्याची नोंद होते. प्रत्येक घटनेला आरंभ असतो, तसा शेवटही असतो, आणि तो लिहिण्याची जबाबदारी कोणावर तरी असते. विद्यार्थ्यांच्या ॲपला घटना उघडता येते. ती मिटवण्याचे सामर्थ्य त्याच्याकडे नसते.

जे टिकले ते कोठे टिकले

याच काळात काय टिकले, हे पाहिले की चित्र अधिक स्पष्ट होते. १५ ऑगस्ट २००५ रोजी हैदराबादमधून सुरू झालेली १०८ ही रुग्णवाहिका सेवा आज अनेक राज्यांत चालते. महाराष्ट्रात ती २०१४ मध्ये आली. देशासाठी ११२ हा एकच आपत्कालीन क्रमांक असावा, अशी शिफारस दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०१५ मध्ये केली. २८ नोव्हेंबर २०१८ रोजी हिमाचल प्रदेशात ती सेवा प्रथम सुरू झाली आणि पुढे देशभर पसरली. तिचेही ॲप आहे, पण ते सेवेचे अनेक दरवाजांपैकी एक आहे. साध्या फोनवरून तीन आकडे फिरवूनही तीच सेवा मिळते.

'ओखी'नंतर हैदराबादच्या भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राने आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने 'जेमिनी' हे उपकरण पुढे आणले. ऑक्टोबर २०१९ मध्ये ते सादर झाले. 'गगन' या उपग्रह-प्रणालीवरून आलेला इशारा ते होडीवर ग्रहण करते आणि ब्लूटूथने मच्छीमाराच्या फोनवर पोहोचवते. संवाद एकतर्फीच आहे, पण तो मोबाइलच्या मनोऱ्यावर अवलंबून नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णकटिबंधीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे विजांचा इशारा देणारे ॲप टिकून आहे, कारण त्याच्यामागे देशभर विखुरलेले ऐंशीहून अधिक संवेदक आणि ते सांभाळणारी संस्था आहे. २०२३ मध्ये देशभरातील फोन अचानक मोठ्याने वाजले आणि पडद्यावर चाचणी-संदेश झळकला, ती 'सेल ब्रॉडकास्ट' पद्धतीची परीक्षा होती. या पद्धतीत मनोरा आपल्या परिसरातील सर्व फोनना एकाच वेळी संदेश प्रक्षेपित करतो. प्रत्येक क्रमांकाला स्वतंत्र संदेश पाठवावा लागत नाही, त्यामुळे जाळ्यावर गर्दी असली तरी संदेश अडकत नाही. आणि ॲप आधीपासून घेतलेले असण्याची गरज उरत नाही.

या सर्व उदाहरणांत एक समान सूत्र आहे. ॲप हे टोक आहे. त्यामागे संवेदक, उपग्रह, नियंत्रण कक्ष, पगारी कर्मचारी आणि कायद्याने ठरलेली जबाबदारी आहे. विद्यार्थी ते टोक छत्तीस तासांत घडवू शकतात. त्यामागचे सारे घडवायला वर्षे लागतात.

दुसरी लाट आणि सजवलेले कालबाह्य सत्य

एप्रिल आणि मे २०२१ मध्ये कोविडची दुसरी लाट शिगेला पोहोचली. ६ मे रोजी देशात एका दिवसात ४,१४,१८८ नवे रुग्ण नोंदले गेले. प्राणवायू, खाटा, औषधे यांच्या शोधात समाजमाध्यमांवर हाकांचा पूर आला. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिलला स्पष्ट केले की, अशी मदत मागणाऱ्या नागरिकांची मुस्कटदाबी होता कामा नये. महाविद्यालयांमधील विद्यार्थ्यांनी असंख्य याद्या, संकेतस्थळे, संदेश-समूह उभारले. रात्र रात्र जागून ते रुग्णालयांना फोन करत आणि प्रत्येक नोंदीसमोर ती किती वाजता तपासली हे लिहीत.

ती वेळ लिहिण्याची पद्धत हाच त्या दिवसांतला मोठा शोध मानला पाहिजे. चेन्नईतील पाणी काही तासांत बदलत होते; येथे रिकामी खाट काही मिनिटांत भरत होती. वेळेविना लिहिलेली नोंद ही नुसती निरुपयोगी नव्हती, ती घातक होती. खाटेच्या शोधात निघालेले कुटुंब चुकीच्या रुग्णालयाच्या दारात जो अर्धा तास घालवते, तो परत मिळत नाही. लाट ओसरल्यावर या संकेतस्थळांचे काम संपले. पण काम संपणे वेगळे आणि संकेतस्थळ मिटणे वेगळे. मागे राहिलेली यादी शोधयंत्रात सापडत राहते, तिची मांडणी नेटकी असते, तिच्यावरचा क्रमांक खरा वाटतो. तिला वाचणारे कोणी उरलेले नाही, एवढेच तिच्यावर लिहिलेले नसते.

येथे सोडून देण्याचा प्रश्न नैतिक होतो. एखादा खेळ किंवा हिशेबाचे ॲप सोडून दिले तर फार तर गैरसोय होते. मदतीचा अर्ज सोडून दिला, पण उघडा ठेवला, तर अडकलेला माणूस तो भरतो, 'आपली विनंती मिळाली' हा संदेश वाचतो आणि वाट पाहत बसतो. त्या वेळेत त्याने ११२ लावला असता. मदत नाकारणाऱ्या दारापेक्षा, आत कोणी नसताना उघडे दिसणारे दार अधिक फसवे असते.

एक निरोप

नीट निरोप कसा घ्यावा, याचे एक उदाहरण मात्र याच काळाने दिले. मार्च २०२० मध्ये काही स्वयंसेवकांनी 'कोविड१९इंडिया' हे संकेतस्थळ सुरू केले होते. राज्यांची वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या भाषांत प्रसिद्ध होणारी माहितीपत्रके वाचून ते जिल्हावार आकडे एकत्र करत. वृत्तपत्रे, संशोधक आणि सामान्य नागरिक त्यावर विसंबू लागले. पगारी कर्मचारी कोणी नव्हते. सारे आपापल्या नोकऱ्या आणि शिक्षण सांभाळून हे करत होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये त्यांनी जाहीर केले की, ३१ ऑक्टोबर २०२१ नंतर माहिती अद्ययावत केली जाणार नाही. ती तारीख आली आणि काम थांबले. साथ तेव्हा संपलेली नव्हती. अनेकांना हळहळ वाटली. पण या थांबण्यात तीन गोष्टी होत्या. सूचना आधी दिली, तीही काही आठवडे आधी, म्हणजे विसंबणाऱ्यांना दुसरी सोय शोधता आली. थांबण्याची तारीख ठरवून सांगितली, म्हणजे त्यानंतरचा आकडा ताजा आहे असा कोणाचा समज होणार नव्हता. आणि तोपर्यंतची माहिती व कोड सर्वांसाठी खुला ठेवला, म्हणजे केलेले काम पुढच्यांना उपलब्ध राहिले.

आकडे देणाऱ्या संकेतस्थळापेक्षा मदत घेणाऱ्या संकेतस्थळाला आणखी एक गोष्ट करावी लागते. त्याच्याजवळ माणसांची नावे, पत्ते, आजार आणि क्रमांक जमा झालेले असतात. हेतू संपल्यावर ती माहिती ठेवण्याचा अधिकारही संपतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने हे तत्त्व आता लिखित केले आहे. कोड जपावा आणि माणसांची माहिती पुसावी. घाईत सोडून दिलेल्या प्रकल्पांत नेमके याच्या उलट घडण्याची भीती असते.

अपयश कशाला म्हणावे

या साऱ्या इतिहासावरून विद्यार्थ्यांनी असे प्रकल्प हाती घेऊ नयेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २०१८ मध्ये शासकीय यंत्रणा एकटी तेवढ्या विनंत्या हाताळू शकली नसती. २०२१ मध्ये विद्यार्थ्यांच्या फोनमुळे कित्येकांना प्राणवायू मिळाला. संस्था टिकाऊ असतात, पण मंद असतात. स्वयंसेवक वेगवान असतात, पण थोड्या काळाचे असतात. संकटाच्या पहिल्या तासांत वेगाची गरज असते आणि नंतरच्या वर्षांत टिकाऊपणाची. एकाने सुरू करून दुसऱ्याच्या हाती सोपवणे हा या व्यवहाराचा स्वाभाविक क्रम आहे. सोपवायला दुसरा हात नसेल, तर थांबणे हा प्रामाणिक निर्णय आहे.

म्हणून प्रकल्प सोडून देणे हे अपयश नव्हे. तो सोडला आहे हे न सांगणे, हे अपयश आहे. अभियांत्रिकीच्या अभ्यासक्रमांत यंत्र सुरू कसे करावे याची पाने पुष्कळ असतात, ते सुरक्षितपणे बंद कसे करावे याचीही असतात. बाष्पित्र असो वा अणुभट्टी, बंद करण्याची रीत ही आराखड्याचाच भाग मानली जाते. आपत्कालीन ॲपला हा नियम लागू न होण्याचे काहीच कारण नाही. लाल बटणाचा रंग ठरवण्याआधी ते बटण कोणाच्या पडद्यावर वाजणार आणि तो पडदा पाहणारा उद्या नसेल तर बटण काय सांगणार, हे ठरले पाहिजे. 'ही सेवा बंद आहे, ११२ वर संपर्क साधा' हे एक वाक्य लिहायला पाच मिनिटे लागतात. उघड्या राहिलेल्या अनेक अर्जांवर ते कोणी लिहिले नाही.

केरळचा तो कोड आजही वाचता येतो. विद्यार्थी तो उघडतात, तेव्हा त्यांचे लक्ष बहुधा रचनेकडे, वेगाकडे, नकाशाकडे जाते. पण कोडमध्ये न दिसणारा भाग अधिक मोलाचा होता : अर्ज आल्यावर पलीकडून येणारा तो उलट फोन, 'तुम्ही अजून तिथेच आहात का?' असे विचारणारा. ज्या दिवसापासून हा प्रश्न विचारायला कोणी उरणार नाही, त्याच दिवशी अर्जही मिटला पाहिजे.